भरल्या माळेचं गणित

नवा रहाट विहिरीवर चढला की अंबाजी सुतार त्याच्या दांड्याकडे पाठ करून बसायचा आणि शंभर आकडे मोजायचा.

दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये हा रिवाज कधीपासून होता, ते कुणालाच सांगता आलं नसतं. आधी रेडा जुंपून माळ भरून घ्यायची. मातीचे लोटे एकामागून एक विहिरीतून वर येऊ लागले, पन्हळीत पहिलं पाणी पडलं, की रेडा थांबवून सोडायचा. आता माळेची एक बाजू भरलेली आणि एक रिकामी. भरलेली बाजू सगळा रहाट उलटा ओढू पाहायची. तिला अडवून धरायची ती फक्त चक्राच्या दात्यांत पडलेली एक खिटी, खैराच्या लाकडाची, वीतभर. ती मोडली तर रेड्याचा सहा हाती दांडा मोकळा सुटणार आणि उलटा गरगर फिरून वाटेत येईल त्याला झोडपणार. नेमका त्याच वाटेत अंबाजी मांडी घालून बसायचा. भोवती वाडीवाले, गडी, त्यांच्या बायका.

"एक... दोन... तीन..."

प्रत्येक लोट्याच्या बुडाशी, जरा कडेला, तुरीच्या दाण्याएवढं भोक असायचं. कुंभाराकडून लोटे घेताना अंबाजी ते भोक आधी बघायचा, मग लोटा. भोकांतून पाणी गळत राहायचं आणि विहीर आतून वाजत राहायची. आकडे शंभराच्या घरात येईतो तो आवाज विरळ होत होत थांबायचा. मग अंबाजी उठायचा, धोतर झटकायचा. वाडीवाला त्याच्या हातात नारळ द्यायचा. त्यानंतर दांड्याखाली कुणीही बसावं, भाकरी खावी, डुलकी काढावी. रहाट थांबल्यावर तिथल्यासारखी सावली वाडीत दुसरीकडे नसते.

अंबाजीच्या मुलाने, दत्तात्रेयाने, हे सगळं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याला ते दिसेनासं झालं होतं. नवीन होडीपुढे नारळ फोडतात, तसंच हे. कॉलेजात गेल्यावर तर त्याला त्याची थोडी लाजच वाटायची.

दत्तात्रेय मुंबईला इंटर सायन्सला होता. सुताराचा मुलगा तिथवर पोहोचला यात त्याच्या हुशारीइतकाच हात होता बाळाजीपंतांचा. गावातली सर्वांत मोठी सुपारीची वाडी त्यांची. त्यांचा चुलतभाऊ मुंबईच्या एका विद्यार्थी वसतिगृहाचा चिटणीस होता, आणि पंतांच्या चिठ्ठीवर दत्तात्रेयाला तिथे जागा मिळाली होती. पण बावन्न सालच्या जूनमध्ये निकाल लागला आणि तो फिजिक्समध्ये नापास झाला. सहा गुणांनी. वसतिगृह सोडून बोटीने घरी आला.

ज्या प्रश्नाने त्याला बुडवलं तो त्याला तोंडपाठ होता. उतारावरून एक भरीव आणि एक पोकळ नळकांडं एकाच वेळी सोडलं, तर खाली आधी कोण पोहोचेल? त्याने लिहिलं होतं, दोन्ही एकदम. वस्तू घसरत असती तर ते बरोबर होतं. पण ती गडगडत होती, स्वतःभोवती फिरत होती, आणि फिरणाऱ्या वस्तूचे कायदे वेगळे. तिथे वजन किती आहे एवढं पुरत नाही. ते अक्षापासून किती लांब बसलंय, हे विचारावं लागतं. लांब बसलेलं वजन फिरायला कुरकुर करतं, दुप्पट लांब गेलं की चौपट.

हे त्याने घरी बसून, स्वतःच्या स्वतः शिकून काढलं. पुस्तकातली अवघड गणितं संपली तेव्हा त्याने नारळ घेतले. एक पाण्याने भरलेला, एक आतलं पाणी आटलेला, दोन्ही सोलून तासून गुळगुळीत केलेले. अंगणात फळी तिरकी लावली आणि दोन्ही सोडले. भरलेला जिंकला. पुन्हा सोडले. पुन्हा तोच. आतलं पाणी करवंटीबरोबर फिरत नाही, नुसतं खाली येतं, त्याला फिरवण्यात जोर खर्ची पडत नाही. हे ज्या क्षणी त्याला कळलं त्या क्षणी तो एकटाच मोठ्याने हसला. अंबाजी पडवीत रंधा मारत होता. त्याने मान वर केली.

"काय झालं रं?"

"भरलेला आधी येतो, बाबा."

"येनारच." अंबाजी पुन्हा रंध्यावर वाकला.

"का येणार, सांगा की."

"त्ये तू सांग. तू शिकतोस."

या उत्तरात टोमणा नव्हता. अंबाजीला खरंच वाटे की 'का' हे मुलाच्या वाटणीचं काम आहे. त्याच्या स्वतःच्या वाटणीला 'कसं' आलं होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. दत्तात्रेयाला मात्र त्यात बापाची हार ऐकू आली. त्या वर्षी त्याला कुणाची तरी हार हवीच होती.

दिवाळीनंतर शिपणं सुरू झालं. सुपारीला रोज पाणी लागतं. पंतांच्या रहाटावर नामा नावाचा गडी होता, चाळिशीचा, काटक, तोंडाचा फटकळ. दत्तात्रेय पुस्तक घेऊन विहिरीपाशी बसला की तो रेड्यामागून फिरता फिरता बोलायचा.

"मास्तर, रेडा पास व्हईल यंदा. किती फेरं मारले बघ त्यानं. तुझं काय?"

"रेड्याला पेपर लिहायचा नसतो, नामा."

"म्हनून तर पास व्हतो त्यो!"

जानेवारीतल्या एका सकाळी बाळाजीपंत कुरकुरत विहिरीवर आले. पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं, तिकडची झाडं पिवळी पडत होती. अंबाजी त्या दिवशी दांड्याचा एक सांधा ठोकायला आलेला होता. पंत म्हणाले, "काय हो दत्तोबा, एवढं शिकलात, आमच्या रहाटाचं काही होतं का बघा तुमच्या पुस्तकात."

ते थट्टेने म्हणाले होते. दत्तात्रेयाने ते खरं धरलं. एक लोटा खालून वर यायला किती वेळ लागतो ते त्याने नाडीवर बोट ठेवून मोजलं. तेवढ्या वेळात भोकातून किती पाणी गळतं ते करवंटीत धरून मोजलं. मग काठीने ओल्या मातीवर आकडे मांडले. पाच-सहा जण जमले. सुताराचा मुलगा जमिनीवर लिहीत होता आणि पंत वाकून बघत होते. असं दृश्य त्या वाडीत आधी कुणी पाहिलं नव्हतं.

"पाचवा हिस्सा," तो उभा राहून म्हणाला. "प्रत्येक लोट्यातलं पाचवा हिस्सा पाणी पन्हळीपर्यंत येतच नाही. परत विहिरीत जातं. रेडा ते फुकट उचलतो. भोकं बुजवा, तुमच्या शेवटच्या झाडापर्यंत पाणी जाईल."

"शाबास!" पंत खरोखर खूश झाले. "आजोबांच्या काळापासून पाणी गाळतोय आम्ही, गाढवं!"

अंबाजीने हातातली मोगरी खाली ठेवली.

"भोकं ऱ्हाऊ द्या, पंत."

"का रे?"

"रहाट थांबला का त्याला मोकळं व्हायला पायजे."

"मोकळं व्हायला? रहाट म्हणजे काय गाभण म्हैस आहे?"

हशा पिकला. नामा तर दांड्यावर हात आपटून हसला. अंबाजी शब्द शोधत उभा होता. माणूस ज्या गोष्टी हातांनी करत आलेला असतो, त्या त्याला तोंडाने सांगायला लावल्या की तो मूर्ख दिसतो. अंबाजी मूर्ख दिसत होता.

"बाबा, कारण सांगा," दत्तात्रेय म्हणाला. आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागणारा. "कारण असेल तर मी गणितात धरतो."

"माझ्या बानं भोकं ठेवली. त्याच्या बानं ठेवली."

"हे कारण नाही झालं."

आणि तोही हसला. फार नाही. ओठाची एक कड हलली असेल. अंबाजीने ती पाहिली. त्याने हत्यारं पिशवीत भरली, सांधा अर्धाच ठोकलेला ठेवून तो घरी गेला, आणि त्यानंतर पंतांच्या वाडीत पाऊल टाकलं नाही.

कोळीवाड्यातून होडीला लावायचं डांबर आणलं. नामा आणि दत्तात्रेय, दोघांनी बसून काथ्याचे बोळे डांबरात बुडवून एकेक भोक बुजवलं. आठवड्याभरात शेवटच्या झाडांपर्यंत पाणी गेलं. पंत भेटेल त्याला सांगू लागले. शेजारच्या वाडीवाल्याने दत्तात्रेयाला बोलावून चहा दिला, कपबशीतून. पंतांनी मुंबईला पत्र धाडलं की परीक्षा झाली की मुलाला पुन्हा जागा द्यावी, मुलगा अस्सल आहे.

दत्तात्रेयाचं गणित बरोबर होतं. एकही आकडा चुकला नव्हता. त्याने फक्त फिरणारा रहाट धरला होता. थांबलेला रहाट त्याच्या गणितात नव्हताच.

पूर्वी दुपारी रेडा सोडला की शंभर मोजेपर्यंत लोटे गळून रिकामे होत आणि खिटीवरचा भार उतरे. आता माळ भरलेलीच लटकत राहू लागली. दुपारची सगळी विश्रांती, आणि संध्याकाळी रेडा सुटल्यापासून सकाळी जुंपेपर्यंत. शंभर आकड्यांसाठी घडवलेली खिटी दिवसरात्र ताणाखाली राहिली. खैर चिवट असतो. तो पाच आठवडे टिकला.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी नामा भाकरी खाऊन पन्हळीशी हात धुवायला उठला. दत्तात्रेय पाराच्या सावलीत पुस्तक उघडून बसला होता. त्याला आधी एक आवाज ऐकू आला, सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा, लहानसाच. मग सगळा रहाट कण्हला. दांडा उलटा निघाला, अर्ध्या फेऱ्यात त्याला ओळखू न येण्याइतका वेग आला, आणि त्याने नामाचा उजवा पाय विहिरीच्या दगडी खांबावर चेचला.

नामाची बायको ठमाबाई पाट वळवत होती. ती धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली नाही. "खाटलं आना," एवढंच म्हणाली. खाटेवर घालून त्याला बंदरावर नेला. अलिबागच्या इस्पितळात न्यायला मचवा मिळाला. सगळं गाव खाटेमागून गेलं.

मचवा सुटल्यावर दत्तात्रेय एकटाच वाडीत परतला. का परतला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. विहिरीवर अंबाजी बसला होता. पाच आठवड्यांनी तो त्या वाडीत आला होता. त्याने माळ काठावर ओढून घेतली होती. हातात बारीक गिरमिट होतं. न फुटलेला एकेक लोटा मांडीवर घेऊन तो भोकातलं डांबर कोरून काढत होता, फुंकर मारत होता, बोटाने चाचपून पुढचा घेत होता. फुटलेल्या लोट्यांची डांबर लागलेली खापरं त्याने आधीच विहिरीत टाकली होती.

"बाबा."

अंबाजीने वर पाहिलं नाही.

"त्ये टोक धर. वजन येतंय."

दत्तात्रेयाने माळेचं टोक धरलं. ऊन कलेपर्यंत धरून ठेवलं. शेवटचा लोटा झाल्यावर अंबाजीने गिरमिट धोतराला पुसलं आणि म्हणाला, "परीक्षा कवा हाय?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं."

दुसऱ्या दिवशी दत्तात्रेयाने ते गणित मांडलं. माळेच्या भरल्या बाजूचं वजन, चक्राची त्रिज्या, दांड्याची लांबी आणि जडपणा, अक्षापासून त्याचं अंतर. दीड पान भरलं. सुटल्यापासून अर्ध्या फेऱ्यात दांड्याच्या टोकाचा वेग: सेकंदाला वीस फूट. मग त्याने भोकं उघडी धरून तेच गणित पुन्हा केलं. लोटा पूर्ण गळायला किती वेळ लागतो ते काढलं. उत्तर आलं एकशे चार सेकंद.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. संथ लयीत मोजले तर शंभर आकडे. बाप दर वेळी त्याच्यासमोर जमिनीवर बसून हेच उत्तर मोठ्याने म्हणून दाखवत होता.

चार दिवसांनी देवळाच्या ओटीवर गाव बसलं. नामाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागल्याची खबर आली होती. कोण कुणाला काय देणार हा प्रश्न नव्हता. पंतांनी ठमाबाईला वाडीत कायमचं काम आणि भात कबूल केलं होतं. प्रश्न एवढाच होता की रहाट कुणामुळे सुटला. गावात असे अकरा रहाट होते आणि प्रत्येकाखाली कुणी ना कुणी रोज भाकरी खात होतं.

दत्तात्रेयाच्या सदऱ्याच्या खिशात तो कागद होता. तो काढायचा आणि उभं राहायचं. दोन वाक्यं बोलायची: भोकं मी बुजवायला लावली, खिटी त्यामुळे मोडली. घरून निघताना त्याने ती मनात म्हणूनही पाहिली होती. त्यानंतर काय होईल तेही त्याने पाहिलं होतं. पंत मुंबईला दुसरं पत्र लिहितील, आणि जागा जाईल. उरलेलं आयुष्य याच गावात, पाटावर, रंध्यावर, नामाच्या घरासमोरून ये-जा करत काढावं लागेल.

एक वाडीवाला म्हणाला, "पंत, तुम्ही लोट्यांची भोकं बुजवली होतीत ना?"

पंतांनी एका गड्याला हाक मारली. मग म्हणाले, "लोटे आणा. बघा."

माळ आणली. लोटे हातोहात फिरले. प्रत्येकाला भोक होतं, स्वच्छ, उघडं. पंतांनी एक लोटा डोळ्याशी धरला, भोकाच्या कडेवरचा गिरमिटाचा ताजा ओरखडा पाहिला, आणि त्या भोकातून जणू पलीकडे बसलेल्या अंबाजीकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं. ते जाणते गृहस्थ होते.

"चार दिवस बुजवली होती, मग बोळे काढून टाकले," ते लोटा खाली ठेवत म्हणाले. "भोकं आहेत. माळ शाबूत होती. मग उरली खिटी."

सगळ्यांच्या माना अंबाजीकडे वळल्या. अंबाजीने मुलाकडे पाहिलं. त्या पाहण्यात दटावणी नव्हती. विनवणीही नव्हती. रहाटाखाली बसून आकडे मोजताना तो असाच समोर बघायचा. दत्तात्रेयाचा हात खिशावर गेला. त्याने वाट पाहिली. कशाची ते त्याला माहीत नव्हतं. कुणीतरी विचारावं, नाव घ्यावं, 'दत्तोबा, तुम्हाला काय वाटतं' असं म्हणावं. कुणी विचारलं नाही.

"खिटी माझी," अंबाजी म्हणाला. "लाकूड कच्चं व्हतं. माझी नजर चुकली."

"कच्चं?" कुणीतरी मागून ओरडलं. "आन खाली बसून शंभर मोजत व्हतास त्ये काय, नाटक?"

अंबाजी उठला, ओटीच्या पायऱ्या उतरला आणि चालू लागला. गावाने ठरवलं की यापुढे त्याने रहाटाला हात लावायचा नाही. ठरवायची गरज नव्हती. त्याने त्यानंतर फिरणारी एकही वस्तू केली नाही. पाट केले, पेट्या केल्या, देव्हारे केले. कुणी गाडीचं चाक घेऊन आलं तरी तो मान हलवायचा. चाक दुसरीकडं न्या, म्हणायचा.

मार्चमध्ये दत्तात्रेय बोटीने मुंबईला गेला. पेपरात पाचवा प्रश्न होता: चाकाला गुंडाळलेल्या दोरीला वजन टांगलं आहे, चाक अडवणारा खिळा काढला, तर वजन अमुक फूट खाली येईतो चाकाचा वेग किती? त्याने तो अकरा मिनिटांत सोडवला. त्या वर्षी फिजिक्समध्ये त्याच्या कॉलेजात त्याला सर्वांत जास्त गुण पडले.

पुढे तो बी.एस्सी. झाला आणि तालुक्याच्या गावी शिक्षक म्हणून लागला. फिरत्या वस्तूंच्या गणितांत त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही असं लोक म्हणू लागले. मे महिन्यात मुरुडहून, म्हसळ्याहून कॉलेजची मुलं-मुली त्याच्या ओसरीवर येत. तो त्यांना अवघडातली अवघड गणितं हसत घालायचा: उतारावरचा चेंडू, दोरी सुटत खाली येणारं रीळ, फिरत्या पाटावर आत-बाहेर सरकणारा माणूस. "आधी विचारा, वजन कुठे बसलंय," तो सांगायचा. "ते अक्षापासून लांब असेल तर त्याला विसरू नका. लांबचंच जास्त नडतं." मुलं हे वहीत लिहून घेत. रहाटाचं गणित तो कधी घालत नसे.

सुट्टीत दिवेआगरला आला तरी नामाच्या आळीने तो जात नसे. लांबचा रस्ता घ्यायचा, किनाऱ्याने, केवड्याच्या बनाच्या कडेने. अंबाजी मात्र रोज सकाळी नामाच्या घरी जाई. ठमाबाई वाडीत गेलेली असायची. तो पाणी भरून ठेवी, लाकडं फोडी, नामाला धरून परसात नेई. त्याची कुबडीही त्यानेच केली होती, फणसाच्या लाकडाची, बगलेत रुतू नये म्हणून वर काथ्या गुंडाळलेली. लोक म्हणत, पाप फेडतोय. दत्तात्रेयाने एकदा म्हटलं, "बाबा, तुम्ही कशाला जाता रोज?"

"कुनीतरी गेलं पायजे," अंबाजी म्हणाला.

साठ सालानंतर वाड्यांमध्ये तेलावरची इंजिनं आली. एकेक रहाट उतरला. दांडे वाशांना लागले, चक्रं चुलीत गेली. बाळाजीपंत वारले. सदुसष्टच्या पावसाळ्यात अंबाजी तापाने गेला. शेवटच्या दोन दिवसांत तो काही बोलला नाही. फक्त ओठ एका लयीत हलत होते. दत्तात्रेयाने कान जवळ नेला नाही.

तेरावं झालं आणि त्याने पेटीतून तो कागद काढला. घडीवर फाटला होता. शाई तपकिरी झाली होती. तो नामाच्या आळीने गेला.

नामा ओट्यावर बसून जाळं विणत होता. केस पिकले होते, तोंड तसंच होतं.

"या मास्तर! वाट चुकलात का काय?"

दत्तात्रेय उभाच राहिला. मग ओट्याच्या कडेवर बसला. बरंच तयार करून आणलेलं होतं, पण ते सगळं गळून गेलं आणि उरली ती चौदा वर्षांपूर्वीची दोन वाक्यं.

"नामा, खिटी कच्ची नव्हती. भोकं बुजवायला मी सांगितलं, म्हणून मोडली."

नामाने जाळ्यातली गाठ ओढून घट्ट केली.

"ठावं हाय. डांबर मीच लावलं न्हवं तुझ्यासंगं?"

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"तुझा बा आला व्हता अलिबागला, चालत. पाय कापून धा दीस झालं व्हतं. खाटेशी बसला, ह्या उरल्याल्या पायाला हात लावला. म्हनला, नामा, पोराची परीक्षा हाय. परीक्षा व्हईतो गप ऱ्हा. झाली का त्यो सोता येऊन सांगंल." त्याने पुढची गाठ घेतली. "मी म्हनलो, बरं. माझा शब्द काय रेड्याचा हाय? गप ऱ्हायलो. तू पास झाल्याचं कळलं तवा ठमीला म्हनलो, मास्तर येनार, घरात चापत्ती आनून ठेव."

आतून ठमाबाईचा आवाज आला. ती दिसली नाही.

"आनली व्हती. बुरशी आली तिला."

नामा हसला. मोठ्याने, पूर्वीसारखा. "चौदा वर्सं! येवढी मोठी परीक्षा असती व्हय रं मुंबईत? तुझा बा रोज येऊन बसायचा हितं, तू बसलायस तिथं. मी रोज इच्यारायचो, अंबाजी, सुटली का रं परीक्षा तुझ्या पोराची? त्यो म्हनायचा, अवघड पेपर हाय, लागंल येळ."

दत्तात्रेयाने कागद पुढे केला. का केला ते त्याला कळलं नाही. आपल्याजवळ तेवढंच होतं म्हणून असेल.

"हे मी तेव्हाच मांडलं होतं. सगळं यात आहे."

नामाने जाळं बाजूला ठेवलं, कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला. त्याला वाचता येत नव्हतं. आकड्यांवरून त्याने खडबडीत बोट फिरवलं.

"ह्यो काय?"

"वजन. भरलेल्या लोट्यांचं."

"आन ह्यो?"

"दांडा. त्याचा वेग. सेकंदाला वीस फूट."

"बरूबर. तेवढा व्हता." नामाचं बोट कागदाच्या तळापर्यंत गेलं, मग मागे फिरलं, पान उलटून अर्ध्यावर थांबलं. "माझा पाय कुटं हाय ह्यात?"

दत्तात्रेयाने कागदाकडे पाहिलं.

"मास्तर, इच्यारतोय मी. दांडा हाय, लोटं हायत, पानी हाय. पाय?"

"पाय धरलेला नाही," दत्तात्रेय म्हणाला. "गणितात दांडा मोकळा फिरतो."

"मोकळा न्हवता त्यो," नामा म्हणाला. त्याने कागद नीट घडीवर घडी घालून परत दिला आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "मी व्हतो तिथं."